आटलं असेल!

बॉनेटखालच्या दुधी रंगाच्या प्लास्टिकच्या टाकीतलं कूलंट खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं दिसलं, की पहिलं निदान ठरलेलं असतं: "आटलं असेल." मे महिना असेल तर उन्हानं आटलं असेल. डिसेंबर असेल तर गाडी नुसती उभी राहून आटलं असेल. नुकतंच कोकणात जाऊन आलेलं असेल तर घाट चढताना आटलं असेल. पावसाळ्यात हे जरा अवघड जातं, पण तिथेही 'उन्हाळ्यातच आटलं असणार, आपलं लक्ष आत्ता गेलं' अशी सोय आहे. मग घरातून पाण्याची बाटली येते, टाकी भरते, झाकण बसतं आणि मोठं यांत्रिक काम उरकल्याच्या थाटात हात पुसले जातात. पंधरवड्यानं पुन्हा आटतं, पुन्हा बाटली येते. हा क्रम खंबाटकी घाटात बॉनेटमधून वाफ निघेपर्यंत चालतो, आणि त्यानंतर मेकॅनिक 'हेड उतरवावं लागेल' असं जे वाक्य बोलतो त्याची किंमत पाच आकडी असते. माझं म्हणणं असं आहे की कूलंट आटत नाही, गळतं. ते कुठून गळतं हे शोधणं गॅरेजवाल्याचं काम नाही, गाडीच्या मालकाचं आहे. त्याला लागणारी सामग्री म्हणजे एक पुठ्ठा, एक टॉर्च आणि भरपूर संशय. यातलं तिसरं तर आपल्याकडे घरोघरी शिल्लकच असतं. तरी मालक शोधत नाही, कारण वरून ओतता येतं. ओतण्याची सोय असली की शोधण्याची गरज कुणालाच वाटत नाही.

मोटारगाडीच्या बालपणी हे 'आटलं असेल' अगदी शास्त्रशुद्ध होतं, हे मान्य करायला हवं. कार्ल बेंझनं १८८६ साली पेटंट घेतलेल्या गाडीत पाणी उकळायचं, त्याची वाफ व्हायची आणि जाताना इंजिनाची उष्णता घेऊन जायची. पाणी संपणं हाच तिथे गार होण्याचा मार्ग होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवर आपल्या आईकडे, त्या गाडीनं गेली, तेव्हा वाटेत पाणी मिळेल तिथे थांबून तिला ते भरावं लागलं. (माहेरच्या ओढीनं मोटारीची पहिली लांब पल्ल्याची चाचणी पार पडली, ही गोष्ट इतिहासकारांनी आणखी ठळक टाइपात छापायला हरकत नव्हती.) पुढे रेडिएटर आले, तरी बराच काळ तापून फुगलेलं पाणी एका नळीवाटे रस्त्यावर सांडून जात असे, आणि गाडी गार झाली की तेवढी जागा रिकामी राहत असे. पद्मिनी आणि अम्बॅसेडरच्या पिढीनं डिकीत पाण्याचा कॅन ठेवला तो याच अनुभवातून. त्या पिढीला नावं ठेवायचं कारण नाही. गंमत अशी झाली की गाड्या बदलल्या आणि कॅन तेवढा वारसाहक्कानं पुढच्या पिढीकडे आला.

आजच्या गाडीतली व्यवस्था बंद असते. तापलेलं कूलंट फुगून टाकीत जातं आणि इंजिन गार झालं की टाकीतून परत आत ओढलं जातं. बाहेर काही जायचं नाही, असा करार आहे. या कराराचा जामीन म्हणजे ते झाकण. ते साधारण एक बार दाब धरून ठेवतं, आणि आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी जवळजवळ तेवढाच दाब धरते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण १०६-१०७ च्या आसपास, आणि वर हा दाब असला तर उकळबिंदू सव्वाशेच्या पुढे जातो. गळती लागली की कूलंट जातं ते जातंच, शिवाय दाबही टिकत नाही, म्हणून उरलेलं आधीच उकळायला लागतं. एका भोकाचे हे असे दोन तोटे. आता यातला विरोधाभास बघा. कुकरची वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्याच घरातला कर्ता पुरुष घाटात, गाडी थांबल्यावर दोन मिनिटांच्या आत, ओलं फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला जातो. झाकण सुटल्याबरोबर दाब पडतो, आतलं सगळं एकदम उकळून उसळतं आणि तोंडावर येतं. इंजिन हाताला गार लागेपर्यंत त्या झाकणाला शिवू नये. विनोदी लेखात गंभीरपणे सांगायची ही एक गोष्ट.

"पण गाडीखाली तर काहीच नाही, जमीन कोरडी ठणठणीत आहे," हा पहिला आक्षेप. त्यासाठी थोडं गणित करू. ढोबळमानानं वीस थेंबांचा एक मिलीलिटर होतो. मिनिटाला एक थेंब, म्हणजे दिवसाचे १,४४०, म्हणजे ७२ मिलीलिटर. आठवड्याला अर्धा लिटर, महिन्याला दोन लिटरच्या वर. छोट्या गाडीत एकूण कूलंट चार-पाच लिटर असतं हे लक्षात घेतलं की मिनिटाच्या त्या एका थेंबाची ऐपत कळते. त्यातून ही गळती बहुतेक वेळा गाडी चालू असताना, दाबाखाली होते. तेव्हा थेंब जमिनीवर पडत नाही. तो तापलेल्या इंजिनावर पडतो आणि तिथेच उडून जातो. मागे राहतो तो नुसता क्षार: होजच्या क्लिपभोवती गुलाबी, हिरवट किंवा पांढरी पापुद्र्यासारखी पूड. नखानं खरवडली तर निघते. गळतीची ही सही असते, आणि ती वाचायला कुठलंही यंत्र लागत नाही. "काटा वर गेला की कळेलच की," असंही म्हणतात. एक तर बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, एक दिवा असतो आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि काटा असला तरी तो मोजतो त्याच्या सेन्सरभोवतीच्या कूलंटचं तापमान. कूलंट सेन्सरच्या खाली गेलं, की तो बिचारा हवेत लोंबकळत राहतो आणि इंजिन भाजत असताना 'सगळं ठीक' असा अहवाल देऊ शकतो. असे अहवाल आपल्याला नवे नाहीत, पण निदान गाडीकडून ही अपेक्षा नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मेकॅनिक कशासाठी असतो? त्याच्याकडे हातपंपासारखं प्रेशर टेस्टर असतं, ते झाकणाच्या जागी लावून दाब दिला की गळती पंधरा मिनिटांत समोर येते. अगदी खरं. टेस्टर असेल, तो चालू असेल आणि रांगेत तुमच्या पुढे सहा गाड्या नसतील तर. पण काही गळत्यांचा स्वभावच असा असतो की त्या पाहुण्यांसमोर येत नाहीत. पहाटे सगळं गार पडतं, रबर आणि धातू आकसतात, क्लिप किंचित सैल पडते आणि थेंब पडतो. गाडी दहा मिनिटं चालली की रबर फुगून जागेवर बसतं आणि गळती बंद. ही गाडी अकरा वाजता गॅरेजमध्ये पोचते तेव्हा ती निर्दोष असते. मेकॅनिक बघतो, मालकाकडे बघतो, आणि 'गळत तर काही नाहीये, साहेब, आटलं असेल' म्हणून तेच निदान व्यावसायिक दरानं परत करतो. या गळतीचा साक्षीदार एकच, गाडी जिथे रात्री झोपते तिथे सकाळी चहाआधी उतरणारा माणूस. तो माणूस गॅरेजमध्ये जाऊन "गाडी गरम होते, जरा बघा" म्हणाला तर मेकॅनिक 'बघायला' सुरुवात करतो, आणि बघण्याला अंत नसतो, बिलालाही नसतो. तोच माणूस "सकाळी गार असताना खालच्या होजच्या क्लिपपाशी थेंब असतो, दिवसा नसतो" असं म्हणाला तर बघण्यासारखं फारसं उरत नाही.

शोध कसा घ्यायचा, तर आधी टाकीवर. गाडी गार असताना, सपाट जागी, मार्करनं पातळीची रेघ मारायची आणि बाजूला तारीख. गॅसचा सिलिंडर कधी लावला हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणारा, दुधाचे खाडे पेनानं गोल करणारा आपला समाज आहे. त्यानं ही एक नोंद जास्तीची करायला जड जाऊ नये. मग रात्री गाडीखाली पुठ्ठा. वर्तमानपत्र नको, कारण रविवारच्या रंगीत पुरवणीवर पडलेला गुलाबी थेंब कुठला आणि साड्यांच्या सेलची जाहिरात कुठली हे कळत नाही. पुठ्ठ्यावर गाडीचं पुढचं टोक कुठल्या बाजूला ते बाणानं लिहायचं, म्हणजे सकाळी थेंबाच्या जागेवरून वर बघता येतं. थेंब नेमका वरूनच आला असेल असं नाही. तो एखाद्या ब्रॅकेटवरून घसरत हातभर लांब येऊन पडतो, म्हणून टॉर्चनं ओल जिथे सगळ्यात उंच दिसेल ती जागा धरायची. डाव्या बाजूला, शेजारच्या सीटच्या पायांखाली साधारण स्वच्छ पाणी दिसलं तर तो बहुधा एसी असतो. मुंबईच्या दमट हवेत एसी इतकं पाणी टाकतो की त्यापायी कित्येक निरपराध रेडिएटर उघडले गेले असतील. बोटानं चोळून बघावं: एसीचं पाणी पाण्यासारखंच लागतं, कूलंट जरा चिकट, रंगीत आणि वासाला गोडसर असतं. चाखून बघू नये, हे सांगावं लागू नये, पण 'गोडसर' म्हटल्यावर सांगितलेलं बरं. सोसायटीत हा पुठ्ठा घालताना शेजारच्याला आधी कल्पना द्यावी. नाहीतर पार्किंगमधला डाग कुणाचा यावर सर्वसाधारण सभेत जुना वाद चालू असतो, आणि पुठ्ठा हा कबुलीजबाब मानला जातो.

नेहमीचे संशयित ठरलेले आहेत. होजची टोकं, जिथे रबर क्लिपजवळ मऊ पडून फुगतं आणि पिळलं की बारीक भेगा दाखवतं. झाकणाच्या आतलं रबर. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या जिथे दुमडून बसवतात तो सांधा. आणि वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये 'वॉटर बॉडी' म्हणतात. या पंपाला खालच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न घुसता त्या छिद्रातून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, एवढ्यासाठीच. आपलं बिनसलंय हे आपणहून सांगणारा सगळ्या गाडीतला हा बहुधा एकमेव प्रामाणिक भाग, आणि त्याचंच छिद्र एम-सीलनं बुजवणारे महाभाग आहेत. बाहेर कुठेच ओल नसेल तर गाडीच्या आत बघावं. डाव्या बाजूची मॅट चिकट ओली, आत गोडसर वास आणि काचेवर पुसलं तरी तेलकट राहणारं धुकं, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. महाराष्ट्रात हीटर लावतो कोण, असं वाटेल; पण हीटर न लावताही बहुतेक गाड्यांत कूलंट त्यातून फिरत असतं. आत-बाहेर दोन्हीकडे कोरडं आणि तरी पातळी उतरतेय, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय, असं असेल तर हेड गॅस्केट. तिथे घरगुती शोध संपला, गाडी चालवायची नाही. नाशिकच्या थंडीत सकाळी पाच मिनिटं दिसणारा पांढरा धूर मात्र कुठल्याही गाडीचा असतो, त्यासाठी हेड उतरवू नये.

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे: "आमच्या गाड्या वीस-वीस वर्षं साध्या पाण्यावर चालल्या. कूलंट बर्फाच्या देशात लागतं, इथे बर्फ कुठे पडतोय?" महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण झाले की त्यांची छायाचित्रं पेपरात छापून येतात, यावरूनच आपला बर्फाचा साठा लक्षात येतो. पण कूलंटमधल्या ग्लायकॉलचं काम उकळबिंदू वर नेण्याचंही आहे, आणि त्याच्या जोडीला असलेली रसायनं धातू गंजू देत नाहीत. जुन्या गाड्यांचे रेडिएटर पितळेचे, नळ्या ऐसपैस. गंज आणि क्षार पोटात घालून त्या चालायच्या. आताच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अरुंद असतात. लातूर-सोलापूरकडचं बोअरचं पाणी बादलीच्या आत जी पांढरी पुटं चढवतं, तीच तिथेही चढवतं. म्हणजे गळतीवर ओतलेलं पाणीच पुढची गळती तयार करतं. अडीअडचणीला, रस्त्यात, गार झालेल्या इंजिनात मिळेल ते पाणी जरूर घालावं. घरी पोचल्यावर ते पाणी काढलं जाईल, एवढीच अट. आणि नेमकी तीच पाळली जात नाही, कारण गाडी चालतेय ना.

उपचारांच्या लोकपरंपरेत हळदीचा मान पहिला. जखमेवर हळद, सर्दीवर हळद, लग्नाला हळद आणि ट्रक-जीपवाल्यांच्या शास्त्रात रेडिएटरच्या गळतीवरही हळद. ती लागू पडत नाही असं म्हणणाऱ्यानं ती कधी पाहिलेली नसते. बारीक पूड पाण्याबरोबर भोकापाशी जाते, तिथे अडकते आणि गळती थांबते. अडचण अशी की हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. हीटरच्या केसाएवढ्या वाटा ती त्याच श्रद्धेनं बुजवते. बाटलीत मिळणाऱ्या लीक-स्टॉपचं तत्त्वही फारसं वेगळं नाही, फक्त पिवळे डाग पडत नाहीत. गावाला पोचेपर्यंत चालेल. पोचल्यावर होज बदलायचा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला त्याहून धाडसी. 'हा पार्ट फॉरेनला लागतो, आपल्याकडे नाही' असं सांगून तो काढला जातो. मेणाच्या गोळीवर चालणारा हा व्हॉल्व ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, तोवर इंजिनाला लवकर तापू देतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त खातं. गळती आहे तिथेच राहते, फक्त मालकाला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

दुरुस्ती किती घरी करावी, याचं उत्तर शोधण्याइतकं उदार नाही. झाकण बदलणं घरचं. फक्त जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा नव्यावरही तोच हवा. क्लिप आवळणं घरचं, पण जीव खाऊन आवळली की ती रबरात रुतून नवी चीर पाडते. वरचा होज बदलणं हाताला वळण असेल तर घरचं. वॉटर बॉडी घरची नाही, कारण बऱ्याच गाड्यांत ती टायमिंग बेल्टच्या मागे बसलेली असते, आणि तिथे एक दात चुकला तर इंजिनाचं काय होईल हे न पाहिलेलंच चांगलं. नवं कूलंट ओतताना तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं. रंग जुळला म्हणजे जात जुळली असं समजू नये, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्यावं. मग आत अडकलेली हवा काढायची. झाकण गार असतानाच उघडून ठेवायचं, इंजिन चालू करायचं आणि हीटर पूर्ण तापमानाला लावायचा, म्हणजे त्याच्याही वाटा उघडतात. नंतर बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची. नागपुरात मे महिन्यात उभ्या गाडीत हीटर लावून बसलेला माणूस बघून वॉचमनला काय वाटतं ते विचारू नये. दुसऱ्या दिवशी पातळी थोडी उतरलेली दिसते, ती निघून गेलेल्या हवेची जागा असते. एवढ्या एका वेळी वरून ओतण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

राहता राहिलं काढलेलं जुनं कूलंट. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड लागतं, त्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. तेव्हा तसराळं उघड्यावर ठेवू नये, गटारात ओतू नये, आणि 'झाडांना घालू' हा विचार तर मनातही आणू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजवर द्यावं. उरलेलं नवं कूलंट हा निराळा धोका आहे, कारण आपल्याकडे कुठलाही उरलेला द्रव कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीतच जातो. गुलाबी कूलंट दोन लिटरच्या बाटलीत भरून माळ्यावर ठेवलं की ते हुबेहूब कोकम सरबत दिसतं. ते ज्या डब्यात आलं त्यातच ठेवावं, वर मार्करनं ठळक 'कूलंट' लिहावं, आणि तरीही तो डबा स्वयंपाकघराच्या वाऱ्यालाही उभा करू नये. घरात चष्मा न लावता पाहुण्यांना सरबत करून देणारं कुणीतरी असतंच.